अंगठ्याची साक्ष : निरक्षर आरोपी आणि कागदाचा न्याय

कोलकात्यात बँकशाल स्ट्रीटवरच्या, सियालदहच्या किंवा अलिपूरच्या न्यायालयाच्या व्हरांड्यात काही वेळ उभे राहिले, की ‘टिपसई’ हा शब्द पुन्हा पुन्हा कानावर येतो. ‘सई’ म्हणजे आपली सही, आणि ‘टिप’ म्हणजे बोटाचा दाब. वकिलाचा कारकून (त्याला तिकडे मुहुरी म्हणतात) शाईची डबी पुढे करतो, पक्षकाराचा अंगठा आपल्या हाताने धरून वकीलपत्राच्या कोपऱ्यात टेकवतो आणि पुढच्या माणसाकडे वळतो. मराठी दस्तऐवजांच्या तळाशी असणारी ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’ ही ओळ ज्यांच्या परिचयाची आहे, त्यांना या व्यवहाराची निराळी ओळख करून द्यावयास नको. एकाने सांगायचे, दुसऱ्याने लिहायचे, आणि जे लिहिले गेले त्याखाली पहिल्याने, न वाचता, आपले बोट उमटवायचे, असा हा व्यवहार आहे. आपण ‘अंगठेबहाद्दर’ हा शब्द थट्टेने वापरतो. फौजदारी न्यायालयात मात्र त्या अंगठ्याची किंमत कित्येकदा वर्षांच्या हिशेबात मोजावी लागते.

अंगठ्याचा ठसा एक गोष्ट निर्विवादपणे सिद्ध करतो : कागदाला स्पर्श करणारा हात कोणाचा होता. कागदावर काय लिहिले आहे हे त्या हाताच्या धन्याला समजले होते की नाही, याविषयी ठसा काहीही सांगत नाही. हे दोन प्रश्न वेगळे आहेत, हे कोणालाही सहज पटेल. तरीही पोलीस ठाण्यापासून तुरुंगापर्यंतच्या वाटेवर ते पदोपदी एकमेकांत मिसळतात, आणि निरक्षर माणसाचे जे नुकसान होते ते बव्हंशी या मिसळीतून होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रश्नाचा आवाका केवढा आहे? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ सालच्या तुरुंगविषयक अहवालाप्रमाणे भारतातील कारागृहांत सुमारे ५ लाख ७३ हजार बंदी होते, आणि त्यांपैकी सुमारे ४ लाख ३४ हजार, म्हणजे चारांत तीन, हे ज्यांचा खटला अद्याप निकालात निघालेला नाही असे कच्चे कैदी होते. अलीकडच्या अशा अहवालांत कच्च्या कैद्यांपैकी साधारण चतुर्थांश निरक्षर आढळतात, आणि त्याहून मोठा वर्ग शाळेत गेलेला पण दहावीपर्यंत न पोचलेला असतो. हा दुसरा वर्ग गणनेत साक्षर धरला जातो. जनगणनेच्या व्याख्येनुसार सात वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या ज्या व्यक्तीला कोणत्याही एका भाषेत समजून वाचता-लिहिता येते, ती साक्षर. व्याख्या चांगली आहे, ‘समजून’ हा शब्द तर फारच चांगला. परंतु आरोपपत्राची भाषा समजून वाचणे ही चौथी-पाचवीपर्यंत शिकलेल्या माणसाच्या आवाक्यातली गोष्ट नाही. किंबहुना पदवीधराच्याही आवाक्यातली ती नेहमीच असते असे नाही.

अंगठ्याला न्यायालयात जे स्थान मिळाले त्याचा इतिहास बंगालमध्ये घडला, आणि तो आपल्या विषयाच्या दृष्टीने मोठा उद्बोधक आहे. जुलै १८५८ मध्ये मुर्शिदाबाद जिल्ह्यातील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने रस्त्याच्या खडीचा करार राज्यधर कोनाई नावाच्या ठेकेदाराशी केला. कोनाई निरक्षर नव्हता. कराराचा मसुदा त्यानेच तयार केला होता आणि रिवाजाप्रमाणे तो सही करणारच होता. हर्शेलने त्याला थांबवले आणि सहीऐवजी त्याच्या पंजाचा ठसा कागदावर घेतला. पुढे कोनाईने आपली सही नाकारू नये, त्याच्या मनात जरा धाक बसावा, एवढाच आपला हेतू होता, असे हर्शेलने नंतर लिहून ठेवले आहे. म्हणजे ज्या ठशाला आपण आज निरक्षराची सही समजतो, तो मुळात लिहिता येणाऱ्या माणसावरच्या अविश्वासातून जन्माला आला. १८७७ मध्ये हुगळीचा दंडाधिकारी असताना हर्शेलने दस्तनोंदणी, निवृत्तिवेतन आणि तुरुंग या तिन्ही ठिकाणी बोटांचे ठसे सुरू केले. पुढे बंगालचे पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघा भारतीय अधिकाऱ्यांनी ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत बसवली आणि १८९७ मध्ये कलकत्त्यात जगातील पहिला अंगुलिमुद्रा विभाग स्थापन झाला. हक आणि बोस यांच्या वाट्याला या कामाचे श्रेय उशिरा आणि अपुरे आले, ही गोष्ट जाता जाता नोंदवावीशी वाटते.

योगायोग असा, की त्याच १८९७ सालच्या सामान्य परिभाषा अधिनियमाने ‘सही करणे’ या शब्दप्रयोगाची व्याख्या देताना, ज्याला आपले नाव लिहिता येत नाही त्याच्या बाबतीत ‘निशाणी करणे’ हेही सहीतच मोडते, असे सांगितले. ही व्याख्या आजही चालू आहे. एका बाजूने शास्त्राने अंगठा अचूक केला आणि दुसऱ्या बाजूने कायद्याने त्याला सहीच्या बरोबरीला बसवले.

पण बोटाचा ठसा किती सांगतो आणि कोठे थांबतो, हे त्या काळच्या न्यायालयाला चांगले ठाऊक होते. जलपाईगुडीतील एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा १८९७ मध्ये खून झाला. त्याच्या सामानात सापडलेल्या एका बंगाली पंचांगावर रक्ताचा डाग होता आणि त्या डागात बोटाचा ठसा. तो ठसा पूर्वी चोरीची शिक्षा भोगलेल्या, त्याच्याच एका जुन्या नोकराच्या दप्तरातील ठशाशी जुळला. १८९८ मध्ये खटला चालला. नोकराला चोरीबद्दल शिक्षा झाली, परंतु खुनाच्या आरोपातून तो सुटला. त्याने पंचांगाला हात लावला हे ठशाने सिद्ध झाले होते, त्यानेच गळा चिरला हे त्यावरून निश्चित म्हणता येत नव्हते. ठशाच्या पुराव्याच्या अगदी पहिल्या मोठ्या खटल्यात न्यायाधीशांनी जी मर्यादा पाळली, तीच मर्यादा जबानीखालच्या अंगठ्यालाही लागू का करू नये? तोही एवढेच सांगतो, की या माणसाने या कागदाला हात लावला.

आपल्याकडे, मराठेशाहीच्या काळात, निशाणी वेगळ्या प्रकारची असे. पाटील-कुणब्याची निशाणी नांगर, शेट्याची तराजू, देशमुखाची कट्यार. महजराच्या कागदावर अशा निशाण्या ओळीने उमटलेल्या दिसतात. त्या काळच्या गावात न्याय निकोप होता असे म्हणण्याचा भाबडेपणा कोणी करू नये. जातीची उतरंड त्या निशाण्यांतूनही स्पष्ट वाचता येते. तथापि एक फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. ती निशाणी गोतसभेत, चारचौघांच्या देखत, तोंडी झालेल्या निवाड्यानंतर होत असे. काय ठरले हे सर्वांनी ऐकलेले असे, कागद त्या ऐकण्याची आठवण म्हणून राहत असे. ठाण्याच्या खोलीतला अंगठा अशा कोणत्याही सामूहिक ऐकण्याच्या पाठबळावाचून उमटतो. तेथे कागद हाच निवाडा होऊन बसतो.

आता या वाटेवरचे टप्पे पाहू. पहिली खबर ठाण्यावर येते. तोंडी खबर असल्यास अधिकाऱ्याने ती लिहून घ्यावी, सांगणाऱ्याला वाचून दाखवावी आणि त्याची सही घ्यावी, असे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५४ मध्ये होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येही तेच आहे. येथे एक सूक्ष्म रूपांतर घडते. निरक्षर माणसाची स्मृती दिनदर्शिकेच्या चौकटीत बसवलेली नसते. ‘पूजेच्या आदल्या हप्त्यात’, ‘छठ झाल्यावर दुसऱ्या दिवशी’, ‘नळाला पाणी यायच्या आधी’, अशा खुणांनी तो काळ सांगतो. अंतर हातांनी, दिशा दुकानांनी. हवालदार त्याची तारीख, वेळ आणि मीटर करतो. यात बहुधा कपट नसते, नमुन्याचे रकाने भरावयाचे असतात. परंतु वर्ष-दोन वर्षांनी हीच बाई साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहते, तेव्हा आरोपीचा वकील तिला विचारतो, की तू तर पोलिसांपुढे अमुक वाजता म्हणाली होतीस, आज तमुक कसे म्हणतेस? ती कधीच ‘अमुक वाजता’ म्हणालेली नसते. तिच्या नावावर लिहिलेल्या परक्या शब्दांशी तिला आपले खरे शब्द जुळवून दाखवावे लागतात. ते जुळले नाहीत की ती खोटी ठरते. आरोपीच्या हालांची चर्चा होते. फिर्यादी आणि साक्षीदार यांच्या वाट्याला येणाऱ्या या अपमानाकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

तपासातील जबानीच्या बाबतीत मात्र जुन्या कायदेकारांनी शहाणपणा दाखवला होता. पोलिसांसमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, हा नियम १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात आला. आणि तपासात घेतलेल्या साक्षीदाराच्या जबानीवर त्याची सही घेऊच नये, असेही प्रक्रिया संहितेने सांगून ठेवले. पोलिसाच्या हातच्या कागदावर अविश्वास हा या दोन्ही नियमांचा पाया आहे. पण जप्तीच्या यादीवर, पंचनाम्यावर, अटकेच्या टिपणावर सह्या लागतातच, आणि कोऱ्या कागदावर सह्या-अंगठे घेतल्याची तक्रार आपल्या न्यायालयांनी कितीदा ऐकली असेल याची गणती नाही.

दंडाधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब ही याहून गंभीर बाब. त्याखाली दंडाधिकाऱ्याने एक ठरावीक प्रमाणपत्र लिहायचे असते : कबुली देण्यास तू बांधलेला नाहीस असे मी याला समजावले, कबुली स्वेच्छेने दिली असे मला वाटते, ती माझ्यासमक्ष लिहिली, याला वाचून दाखवली, आणि ती बरोबर असल्याचे याने मान्य केले. मजकूर निर्दोष आहे. दोष एवढाच, की तो आधीच तयार असतो. अमेरिकेतील १९६६ च्या प्रसिद्ध मिरांडा खटल्यात आरोपीच्या लेखी कबुलीच्या माथ्यावर, आपल्या कायदेशीर हक्कांची पूर्ण जाणीव ठेवून आपण हे लिहून देत आहोत, असा परिच्छेद टंकलिखित होता. तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्या परिच्छेदावर विसंबण्याचे नाकारले. कारण हक्क त्याला कोणी सांगितले होते याचा दाखला त्या टंकलिखित ओळींखेरीज कोठेच नव्हता. आपल्याकडील ‘वाचून दाखवले, समजले, बरोबर आहे’ ही ओळ त्याच जातीची. कोणी वाचले, कोणत्या भाषेत वाचले, वाचायला किती वेळ लागला, ऐकणाऱ्याने मध्ये काही विचारले का, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या ओळीत सापडत नाही.

खटल्याच्या शेवटी न्यायाधीश आरोपीला पुराव्याविषयी प्रश्न विचारतात. या प्रसंगी सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये तारासिंग खटल्यात एक कसोटी घालून दिली. प्रश्न असे असावेत, की अज्ञानी वा निरक्षर माणसालाही ते उमगावेत. शिवाय खुनाच्या आरोपाखाली उभा असलेला साक्षरही गोंधळून जातो, हे विसरू नये. हा निर्णय लिहिणारे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस हे नागपूरचे. तेथील उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहून ते दिल्लीस गेले होते. मध्यप्रांताच्या न्यायालयांत बसून त्यांनी किती अंगठे पाहिले असतील, याची कल्पना करता येते. आजही, भरमसाट पुरावा एका दमात वाचून ‘याबद्दल तुझे काय म्हणणे?’ असे विचारले जाते आणि उत्तरादाखल ‘खोटे आहे’ किंवा ‘मला माहीत नाही’ असे दोन शब्द उतरवले जातात, तेव्हा बोस यांची कसोटी हरवलेली असते.

येथे एक विसंगती ठळकपणे पुढे येते. पैशाच्या आणि जमिनीच्या व्यवहारांत आपल्या कायद्याने निरक्षराची काळजी किती बारकाईने वाहिली आहे! पडदानशीन स्त्रियांनी करून दिलेल्या दस्तऐवजांबाबत प्रिव्ही कौन्सिलने, पुष्कळदा कलकत्त्याहून गेलेल्या अपिलांत, असे सूत्र बसवले, की दस्ताचा फायदा मागणाऱ्यानेच सिद्ध करावे, की मजकूर तिला वाचून दाखवला होता आणि त्याचा अर्थ व परिणाम तिला कळला होता. स्वतंत्र भारताच्या न्यायालयांनी हे सूत्र कायम ठेवले आणि निरक्षर स्त्री-पुरुषांच्या बाबतीतही ते लावले. आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण तर त्याहून बोलके आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चालून जाऊन कर्जरोख्यांची होळी केली आणि दंगे आसपासच्या गावांत पसरले. लोकांनी प्रामुख्याने कागद जाळले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ज्या कागदावर आपला अंगठा आहे पण ज्यातला मजकूर आपला नाही, त्या कागदावरचा तो राग होता. पुढे १८७९ च्या दख्खन शेतकरी साह्य कायद्याने गावोगावी निबंधक नेमले. शेतकऱ्याचा रोखा त्यांच्यासमोर लिहिला जावा, मोठ्याने वाचला जावा आणि करून देणाऱ्याला तो समजल्याची खात्री करून घेतली जावी, अशी व्यवस्था झाली. ती न पाळलेला रोखा पुराव्यात चालणार नव्हता. लेखणी आणि कुळंबी यांच्या या नात्यावर जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जो प्रहार केला, तो याच काळातला.

तेव्हा शंभर रुपयांच्या रोख्यासाठी ‘समजले होते का’ हे सिद्ध करण्याचा भार लेखणीवाल्यावर, आणि दहा वर्षांच्या तुरुंगवासासाठी मात्र सरकारी काम रीतसर झाले असेलच असे गृहीत, हा उलटा न्याय होतो. कायद्याच्या पुस्तकात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो हे खरे. पण कागदाविषयीचा संशय उपस्थित करण्यासाठी आधी तो कागद वाचता यावा लागतो.

प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या खटल्यांत न्यायालयांनी हा प्रश्न सर्वांत स्पष्टपणे हाताळला आहे. नागपूरच्या हरिकिसन नावाच्या गृहस्थांना स्थानबद्धतेची कारणे इंग्रजीत देण्यात आली. त्यांनी हिंदी प्रत मागितली. इंग्रजी ही राज्याची राजभाषा आहे आणि मजकूर तोंडी समजावलेला आहे, असे सांगून ती नाकारली गेली. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की कारणे स्थानबद्धाला समजणाऱ्या भाषेत, आणि तो साक्षर असल्यास त्याला वाचता येणाऱ्या लिपीत, दिली पाहिजेत. १९८० मध्ये नैनमल शहा प्रकरणात न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. इंग्रजीत सही केली एवढ्यावरून माणसाला इंग्रजी येते असे मानता येणार नाही. सही आणि समज यांची फारकत येथे सर्वोच्च न्यायालयाच्याच लेखणीने झाली.

‘वाचता येणारी लिपी’ हे शब्द कोलकात्याच्या संदर्भात फार महत्त्वाचे ठरतात. २०११ च्या जनगणनेनुसार या शहराची साक्षरता सुमारे ८६ टक्के, म्हणजे देशाच्या सरासरीहून बरीच वर. पण त्याच जनगणनेत शहरातील एक तृतीयांशाहून अधिक लोकांची मातृभाषा हिंदी किंवा उर्दू आहे. छपरा-सिवानहून आलेला हातगाडीवाला देवनागरी वाचतो, मटियाबुर्जचा शिंपी उर्दू वाचतो. ठाण्यात बंगाली किंवा इंग्रजी कागद पुढे आला, की दोघेही निरक्षर. आमच्यासारख्या मराठी माणसाला या शहरात बसच्या पाट्या वाचताना जे अवघडलेपण येते, त्याची हजारपट करून पाहावी. मोडीचे कागद हाती पडल्यावर बाळबोध शिकलेल्यांची जी गत होई, तीच ही गत. साक्षरता हा माणसाचा कायमचा गुण नाही. कागद कोणता आहे यावर ती ठरते, हे या शहरात लवकर उमगते.

याच शहरातून ऑगस्ट १९८६ मध्ये एक पत्र सर्वोच्च न्यायालयाकडे गेले. पश्चिम बंगालमधील कायदेविषयक साह्य संस्थेचे कार्याध्यक्ष डी. के. बसू यांनी कोठडीतील मृत्यूंच्या वृत्तपत्रीय बातम्या जोडून ते पाठवले होते. डिसेंबर १९९६ च्या निकालाने अटकेच्या वेळी पाळावयाचे नियम आले. अटकेचे टिपण करावे, त्यावर कुटुंबातील किंवा वस्तीतील एका साक्षीदाराची सही असावी, अटक झालेल्याचीही सही असावी, नातेवाइकाला कळवावे, वैद्यकीय तपासणी करावी. पुढे हे नियम संहितेतच आले. त्यांनी पुष्कळ भले केले आहे. परंतु त्यांतले बहुतेक नियम कागदाच्या रूपाने पाळले जातात, आणि जेथे अटक झालेला व त्याचा साक्षीदार दोघेही निरक्षर असतील, तेथे टिपणावरची अटकेची वेळ खरी की नंतर घातलेली, हे त्या दोघांना कळण्याचा मार्ग नाही.

मग लेखनच टाळावे काय? तसे नाही, आणि येथे या प्रश्नाची दुसरी बाजू पाहिली पाहिजे. ऑक्टोबर २०२३ मध्ये पंकज बन्सल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, अटकेची कारणे नुसती वाचून दाखवणे पुरेसे नाही, ती लेखी दिलीच पाहिजेत, असे आर्थिक गुन्ह्यांच्या एका कायद्यापुरते ठरवले. नोव्हेंबर २०२५ मध्ये, मुंबईत उद्भवलेल्या मिहीर शहा प्रकरणात, हे तत्त्व सर्वच गुन्ह्यांना लागू करून, कारणे आरोपीला समजणाऱ्या भाषेत असावीत असे सांगितले. निरक्षराला लेखी कारणांचा उपयोग काय, असे प्रथमदर्शनी वाटेल. उपयोग मोठा आहे. ठाण्याच्या दप्तरात राहणारा कागद त्याचा शत्रू होऊ शकतो. त्याच्या खिशात राहणारा कागद भाच्याला, गल्लीतल्या मास्तरला, वकिलाला दाखवता येतो. तोंडी सांगितलेले दुसऱ्या दिवशी सांगणारा नाकारू शकतो. १९७८ चा होसकोट खटला या संदर्भात आठवतो. विद्यापीठाच्या खोट्या पदव्यांच्या प्रकरणात शिक्षा झालेल्या एका प्रपाठकाने, उच्च न्यायालयाच्या निकालाची प्रत आपल्याला तुरुंगात वेळेवर मिळालीच नाही, अशी तक्रार केली. महाराष्ट्रातून गेलेल्या त्या खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी ठरवले, की कैद्याला निकालाची प्रत विनामूल्य मिळावी, पोच लेखी घ्यावी आणि त्याला वकिलाचे साह्य मिळावे. भांडला एक उच्चशिक्षित, आणि हक्क मिळाला ज्यांना भांडता येत नाही त्यांना.

कारण हक्क मागावा लागतो, आणि मागण्यासाठी तो आहे हे ठाऊक असावे लागते. १९८६ च्या सुकदास खटल्यात अरुणाचल प्रदेशातील आरोपींना वकिलाविना शिक्षा झाली होती. सरकारचे म्हणणे, त्यांनी वकील मागितलाच नाही. न्या. भगवती यांनी ही सबब फेटाळली. ज्या देशात खेड्यांतील बहुसंख्य लोक निरक्षर आहेत आणि साक्षरांनाही आपले हक्क माहीत नाहीत, तेथे मागणीची अट घालणे ही कायदेशीर साह्याची थट्टा होय, असा त्यांच्या विवेचनाचा आशय. न मागणाऱ्याचे काय होते, याचे टोकाचे उदाहरण कोलकात्याच्या दमदम कारागृहात होते. १९८० मध्ये दार्जिलिंगला अटक झालेला एक नेपाळी माणूस, खटला एकदाही पूर्ण न होता, चाळीस वर्षांहून अधिक काळ कच्चा कैदी राहिला. कलकत्ता उच्च न्यायालयाने स्वतःहून लक्ष घातल्यावर मार्च २०२१ मध्ये तो सुटला. तो मनोरुग्ण होता, तेव्हा ही केवळ निरक्षरतेची कथा नव्हे. पण तुरुंगाच्या नोंदवहीत दर वर्षी त्याचे नाव लिहिले जात असणार, हे विसरता येत नाही.

या साऱ्यावर उपाय काय, या प्रश्नाचे सर्वांत साधे उत्तर मुंबईच्या एका खटल्यात पूर्वीच दिले गेले आहे. पत्रकार शीला बारसे यांनी कोठडीतील स्त्रियांच्या छळाविषयी लिहिलेल्या पत्रावरून १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र शासनाला आदेश दिला. अटक झालेल्या व्यक्तीच्या हक्कांचे पत्रक मराठी, हिंदी आणि इंग्रजीत छापावे, प्रत्येक कोठडीत लावावे, आणि व्यक्तीला ठाण्यावर आणताच तिला समजणाऱ्या भाषेत ते वाचून दाखवावे. भिंतीवर लावणे आणि वाचून दाखवणे या दोन क्रिया न्यायालयाने जोडून सांगितल्या. व्यवहारात पहिलीची पाटी बहुधा आढळते. दुसरी कोणी करताना दिसणे विरळा. कोलकात्यासाठी असे पत्रक करावयाचे, तर ते बंगाली, हिंदी, उर्दू, ओडिया, नेपाळी आणि संथाली या भाषांत तरी असावे लागेल, आणि ते वाचणारा माणूस रात्री दोन वाजताही ठाण्यावर मिळावा लागेल.

नव्या संहितेने झडती व जप्तीच्या वेळी दृक्‌श्राव्य चित्रीकरण आवश्यक केले आहे. दंडाधिकाऱ्यापुढची कबुली वकिलाच्या उपस्थितीत अशा प्रकारे नोंदवण्याची मुभा तर २००९ च्या दुरुस्तीपासूनच आहे. निरक्षराच्या दृष्टीने हा बदल कागदी सुधारणांहून मोलाचा ठरू शकेल, कारण ध्वनिमुद्रणात त्याचे शब्द त्याच्याच बोलीत, त्याच्याच खुणांसकट राहतात. ‘वाचून दाखवले’ हे प्रत्यक्ष ऐकूही येते. मुभा आहे तेथे सक्ती व्हावी. ‘समजले’ या एका शब्दाच्या जागी ऐकणाऱ्याने आपल्या शब्दांत जे सांगितले ते तीन ओळींत उतरवावे. वाचणाऱ्याचे नाव, भाषा आणि लागलेला वेळ प्रमाणपत्रात यावा. अंगठा ज्या मजकुराखाली आहे तो त्या माणसाला कळला होता हे, वाद उद्भवल्यास, सरकार पक्षाने सिद्ध करावे. यांपैकी शेवटची गोष्ट करण्यास नवा कायदाही नको. पडदानशीन विधवेच्या शेतासाठी दीडशे वर्षांपूर्वी जी कसोटी लावली गेली, ती फौजदारी न्यायालयाच्या पायरीवर आणून ठेवली म्हणजे पुरे.

दुभाष्यांची अडचण मात्र खरी आहे. संथाली किंवा नेपाळी आरोपीसाठी न्यायालयाच्या शिपायालाच किंवा बंदोबस्ताच्या पोलिसालाच मध्यस्थी करावी लागली, तर तो काय भाषांतर करतो हे तपासणारे तेथे कोणी नसते. भाषांचे विभाग चालवणाऱ्या आपल्या विद्यापीठांनी या कामासाठी प्रशिक्षित माणसे तयार करून दिली, तर त्यांचे मानधन कायदेसेवा प्राधिकरणांच्या खर्चात बसू शकेल.